सातवीच्या वर्गातला दसरा

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेत दर मंगळवारी मी सातवीच्या मुलांना नोकरीधंद्याबद्दल शिकवायला मदत करत असे, आणि मला स्वतःला मात्र नोकरी करायची परवानगी नव्हती. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नसे.

नवऱ्याच्या व्हिसाच्या मागे शेपटासारखा मिळणारा माझा व्हिसा होता. घरात राहा, गाडी चालवा, कॉलेजात शिका, देवळात जा, वाटेल ते करा, फक्त पगार घेऊ नका, असा त्याचा एकंदर अर्थ. लग्नाआधी मी सांगलीत विज्ञान शिकवायचे. मुलं मला बाई म्हणायची. मंडईत, दवाखान्यात, सिनेमाच्या रांगेत कुणीतरी मागून 'बाई!' अशी हाक मारायचं आणि मी वळायचे. ट्रॉयमध्ये मागे वळून बघायचं कारणच उरलं नाही. मी अमक्याची बायको होते आणि कागदोपत्री आश्रित होते. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून झोंबला. मी मुळातच तापट, आणि रिकामी माणसं जास्तच तापतात.

ती वर्षं मला सलग आठवत नाहीत. एखाद्या लांबलेल्या दुपारच्या झोपेतून अधूनमधून जाग यावी तशी ती आठवतात. खिडकीबाहेर बर्फ पडतोय आणि कुठेच कसला आवाज नाही. समोरच्या घराचं गॅरेज आपोआप उघडतं, गाडी जाते, गॅरेज मिटतं. पोस्टाची पांढरी गाडी कोपऱ्यावर वळते, एकेका पेटीपाशी थांबत थांबत येते, आणि मी कुकरची शिट्टी विसरून तिच्याकडे बघत राहते. आमच्या ओळखीतल्या सगळ्या बायका त्या गाडीची वाट बघायच्या. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकली की आम्हाला काम करता येणार होतं. कुणी एमबीबीएस होती, कुणी बँकेत अधिकारी होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आम्ही भेटायचो, उकडीच्या मोदकांचं कौतुक करायचो आणि फाइलबद्दल बोलायचो.

शाळेत मी पोचले ती नवऱ्याच्या मीटिंगमुळे. तो गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. इंजिनिअर नक्की काय करतो हे मुलांना सांगायला कुणीतरी या, असं शाळेचं कंपनीला बोलावणं होतं. याने हौसेने हो म्हटलं आणि ऐनवेळी मीटिंग निघाली.

"कॅन्सल करतो गं. फोन करून सॉरी म्हणतो," तो म्हणाला.

"कॅन्सल कशाला? मी जाते. सीट पुढेमागे कशावर सरकते ते लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

सीटखालची ती लोखंडी पट्टी घेऊन मी गेले. वर्गाला एका बाजूने उंच खिडक्या होत्या आणि त्यातून हिवाळ्याचं फिकट ऊन मुलांच्या डोक्यांवर पडलं होतं. खडूऐवजी मार्करचा वास. पण बाकी सगळं तेच होतं. शेवटच्या बाकावरची कुजबुज तीच, उत्तर येत नसताना वर गेलेला हात तोच. मी पट्टी टेबलावर ठेवली, एका मुलाला तिच्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवून ढकलायला लावला आणि घर्षण शिकवायला लागले. इंजिनिअरचं राहिलंच. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी कुठे आहे हे आठवायला मला थोडा वेळ लागला.

वर्गाच्या शिक्षिका उंच होत्या, पांढरे केस बारीक कापलेले, निवृत्तीला आलेल्या. दाराशी मला थांबवून त्या म्हणाल्या, "दर मंगळवारी याल का? पगार मात्र देता येणार नाही."

मी म्हटलं, "दिलात तरच पंचाईत आहे."

तेव्हापासून मंगळवार हा एकच वार मला खरा वाटायचा. बाकीचे दिवस त्याच्या आजूबाजूला धुक्यासारखे असायचे. तो तास होता कामाच्या जगाची ओळख करून देण्याचा. माणसं पोटासाठी काय काय करतात, त्यासाठी काय शिकावं लागतं, मुलाखतीत हात कसा मिळवायचा, असं सगळं. एकदा मुलांना कॉम्प्युटरवर प्रश्नावली सोडवायची होती. तुम्हाला एकटं राहायला आवडतं का, तुम्ही हळू बोलता का, असे प्रश्न, आणि शेवटी तो कॉम्प्युटर सांगणार तुम्ही काय व्हावं. मुलांच्या आग्रहावरून मीही सोडवली. मला त्याने जंगलाची राखणदार आणि अंत्यविधीची व्यवस्था बघणारी अशा दोन जागा सुचवल्या. वर्ग हसून हसून लोळला. घरी नवऱ्याने आठवडाभर पिडलं. गंमत म्हणजे जंगलाची मी बरेच दिवस स्वप्नं बघितली. उंच पाइनची झाडं, मी एकटी, आणि कुठूनही पोस्टाची गाडी येत नाही.

मग २००७चा उन्हाळा आला आणि वर्षानुवर्षं अडलेल्या आमच्या अर्जांचं दार एकदम उघडलं. सगळे फोटो काढायला आणि लशींचे दाखले जमवायला धावले. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, मेपल लाल व्हायला लागले, आणि एका दुपारी ती पांढरी गाडी माझं कामाचं परवानगीचं कार्ड पेटीत टाकून गेली. मी ते कार्ड हातात घेऊन अंगणातच उभी राहिले. रडले वगैरे नाही. घरात येऊन सांगलीची कॉटनची साडी काढली आणि उगीचच इस्त्री केली.

शिक्षिकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला सरळ मुख्याध्यापकांकडे नेलं. जानेवारीपासून त्या वर्गाला मदतनीस शिक्षिकेची जागा निघणार होती, पगाराची. मुख्याध्यापक तरुण होते, अतिशय सभ्य. म्हणाले, तुमचा अर्ज आला की मला आनंदच होईल. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की भाजी चिरताना मी मनातल्या मनात हजेरी घ्यायचे.

त्याच सुमारास दसरा आला. आपट्याची पानं मिळायची सोय नाही, म्हणून आम्ही मंडळी मेपलची पानं सोनं म्हणून वाटायचो. खंडेनवमीला मी घरात पाट मांडला. त्यावर नवऱ्याचा लॅपटॉप, माझी विळी, घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. माझे वडील सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचा जुना पाना दर खंडेनवमीला पाटावर यायचा. आता याचं काय काम, असं आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

त्यावरूनच मला वर्गासाठी कल्पना सुचली. प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसाच्या कामाची एक वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची, आणि बाकीच्यांनी ते काम ओळखायचं. शिक्षिकांना ती फारच आवडली.

दसऱ्यानंतरचा तो मंगळवार. रात्रीच्या थंडीत झेंडू काळे पडायच्या आत मी अंगणातले सगळे खुडून पिशवीत घेतले होते, टेबल सजवायला म्हणून. कुंकवाची डबी पर्समध्ये होती, कारण रविवारी मैत्रिणींच्या गाड्यांना मीच कुंकू लावलं होतं. मुलांनी एकेक वस्तू आणली. केस कापायची कात्री, कडक पिवळी टोपी, मोजपट्टी, बेकरीतला पीठ चाळायचा डबा, दवाखान्यातली छातीचे ठोके ऐकायची नळी. त्या टेबलावर ऊन आलं होतं, आणि वर्ग असा शांत झाला होता की मला क्षणभर आमचा पाटच दिसला.

शेवटी एक मुलगी उठली. पहिल्या महिन्यापासून ती खिडकीशी बसायची आणि हात वर करायची नाही. तिचे वडील शेजारच्या गावातल्या मोटारींच्या कारखान्यात, रंगकामाच्या विभागात होते. उन्हाळ्यात तिथली एक पाळीच बंद झाली आणि ते घरी बसले. ट्रॉयमध्ये तेव्हा अशी घरं पुष्कळ होती, वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिने टेबलावर कामावर घालायचा एक जाड संरक्षक चष्मा ठेवला. त्याच्या कडेला निळ्या, चंदेरी, हिरव्या रंगाचे अगदी बारीक ठिपके उडालेले होते.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण हिचे डॅड तर आता कुठे जातच नाहीत."

तो दुष्टपणे बोलला नव्हता. खेळाचा नियम मोडला एवढंच त्याचं म्हणणं होतं. ती मुलगी चष्मा परत उचलायला लागली. शिक्षिका काहीतरी बोलणार होत्या, पण माझा हात आधीच पर्समध्ये गेला होता. मी विचार करून केलं असं म्हणणं खोटं होईल. डबी उघडली, त्या चष्म्याच्या दांडीवर कुंकवाचं बोट टेकवलं, वर एक झेंडू ठेवला आणि हात जोडले. वर्गाला दाखवायला जोडावे तसे नव्हे, घरी जोडते तसे.

मग कुणीतरी विचारलं, "तुम्ही त्या चष्म्याची प्रार्थना केलीत?"

"हो," मी म्हटलं. "ज्याच्यावर घर चालतं त्याला आमच्याकडे नमस्कार करतात. चाललं होतं त्यालाही करतात."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माझ्या टोपीला लावा, माझ्या कात्रीला लावा, अशी झुंबड उडाली. मी सगळ्यांना लावलं. झेंडू पुरले नाहीत म्हणून पाकळ्या वाटल्या. तो अर्धा तास मला अजूनही झोपेत कधीकधी दिसतो. उन्हात पिवळंधमक टेबल, कात्रीवर लाल ठिपका, आणि ती मुलगी दोन्ही हातांनी चष्मा धरून उभी.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. एका पालकांनी हरकत घेतली होती. सरकारी शाळेत पूजा कशी काय होते, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल बरोबरच होता, आणि तो विचारणारं माणूस काही वाईट नव्हतं. त्या देशाचा तो नियम आहे आणि तो मला माहीत असायला हवा होता. सांगलीत शाळेत दर दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढणाऱ्या बाईला तो सुचलाच नाही, एवढंच.

"तुम्ही मला हव्या आहात," मुख्याध्यापक म्हणाले. "एक छोटं पत्र द्या फक्त. लिहा, की तो एका परंपरेचा नमुना होता, मुलांना दाखवण्यापुरता. पूजा नव्हती. मग विषय मिटला आणि जानेवारीचं पुढे नेता येईल."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मग लिहून टाक ना यार. कल्चरल डेमॉन्स्ट्रेशन म्हण. जस्ट वर्डिंगचा प्रश्न आहे."

"परवा तुझ्या लॅपटॉपला मी काय केलं? डेमॉन्स्ट्रेशन?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

तो ताट उचलून उठला. नंतर मला त्याचीच कीव आली, कारण सहा वर्षं मी अशा जागेसाठी झुरत होते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी भांडी घासत खिडकीतून बघत राहिले. पत्रात लिहायचं ते वाक्य मला पाठच झालं होतं. सोपं होतं. अर्ध्याअधिक मनाने मी ते लिहिणारही होते.

पुढच्या मंगळवारी मी वर्गात शिरतेय तो ती मुलगी दाराशी उभी. आपणहून तिने माझ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ.

"डॅडनी विचारलं, हे लाल काय लागलंय. मी पुसायला लागले तर नको म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच. मग त्यांनी चष्मा स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवला." ती दप्तर खांद्यावर सरकवत म्हणाली, "ते म्हणाले, कारखान्यात आमच्याकडे एवढे लाल रंग होते, पण हा लाल नव्हता."

ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की ते सोपं वाक्य मला आता लिहिता येणार नव्हतं. मी नमस्कार दाखवण्यापुरता केला होता असं लिहायचं, म्हणजे खिळ्यावरचा तो चष्मा नुसता नमुना होता असं म्हणायचं. माझा संताप होता तो विरला होता. नुसतं वाईट वाटत होतं, फार वाईट, कारण जागा मला अजूनही तेवढीच हवी होती.

मी खरं ते लिहिलं. आमच्याकडे कामाच्या वस्तूला नमस्कार करतात. तो मी केला आणि मनापासून केला. इथल्या शाळेचा नियम मला माहीत नव्हता, आता कळला आहे, आणि पुन्हा वर्गात असं होणार नाही. मुख्याध्यापकांनी ते माझ्यासमोर वाचलं, दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "हे पत्र चांगलं आहे," ते म्हणाले, "पण मला हवं होतं ते हे नाही."

डिसेंबरात कळलं की जागा दुसऱ्या कुणाला दिली. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. मी निम्मा विश्वास ठेवला. नाताळच्या सुट्टीपर्यंत तुम्ही मंगळवारी जरूर या, असंही म्हणाले. नव्या बाई जानेवारीत येणार होत्या, त्यानंतर माझी गरज नव्हती. शिक्षिकांनी गाडीपाशी येऊन मला मिठी मारली. घरी जाताना मी एका सिग्नलला हिरवा दिवा असूनही थांबून राहिले, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं.

शेवटच्या मंगळवारी बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि वर्गात सगळे दिवे लावलेले होते. मुलांना सत्राअखेरचं काम होतं. एका काम करणाऱ्या माणसाची वर्गासमोर मुलाखत घ्यायची. कुणी आईला बोलावलं होतं, कुणी शेजाऱ्याला. प्रश्न ठरलेले होते. तुम्ही काय काम करता, हा पहिला. मी मागच्या भिंतीशी उभी राहून ऐकत होते आणि मनाने निम्मी घरी पोचले होते. त्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, आणि पुढे जायच्या ऐवजी मागे माझ्यापाशी आली.

"तुम्ही याल का?"

मी तिच्या मागोमाग गेले आणि खुर्चीवर बसले. तुम्ही काय काम करता? सगळ्या वर्गासमोर, शिक्षिकांसमोर, मी काय सांगणार होते? पूर्वी करत होते? जानेवारीत करणार होते? कार्ड माझ्या पर्समध्ये होतं आणि त्यावर फोटोही चांगला आला होता.

तिने कागद बघितला. "पहिला प्रश्न मी सोडून देते," ती म्हणाली. "ते सगळ्यांना माहीत आहे."

वर्गात कुणी हसलं नाही. ते खरोखरच सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही हे किती वर्षं करताय?"

मी सांगितलं, की लग्नाआधी भारतात काही वर्षं केलं, आणि आता गेल्या हिवाळ्यापासून इथे, दर मंगळवारी.

"आणि मधल्या वर्षांत?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मधल्या वर्षांत मी वाट बघत होते."

ती लिहिता लिहिता थांबली. "माझे डॅडसुद्धा आता तेच करतात," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ते काम अवघड असतं का?"

"हो," मी म्हटलं. "मी केलेल्या सगळ्या कामांत तेच अवघड होतं."

तिने मान खाली घालून ते सावकाश, शब्द न गाळता लिहून घेतलं.

"त्यांना सांगते," ती म्हणाली.